दोऱ्या दिसत होत्या म्हणून

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या अंतराळ-मालिकेबद्दल विचारा. कथा धड आठवत नाही. खलनायकाला नेमकं काय हवं होतं, पृथ्वी कितव्यांदा वाचली, हे सगळं पुसलेलं असतं. आठवतं ते भलतंच. यान उडताना वरची तार दिसायची, परग्रहावरच्या खडकाला धक्का लागला की तो हलायचा, नियंत्रणकक्षातली बटणं पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहेत हे लपत नसे. गंमत म्हणजे हे सांगताना तक्रारीचा सूर नसतो, उलट जीव लावून सांगितलेलं असतं. आताच्या चित्रपटांत यान इतकं खरं दिसतं की बोट ठेवायला जागा नाही, पण त्याच्यावर असा जीव जडत नाही. असं का होत असावं?

‘लहानपण सगळ्यांनाच गोड वाटतं’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. त्याच टीव्हीवर त्याच वयात पाहिलेल्या कितीतरी गोष्टी आपण साफ विसरलो आहोत. बाहुल्यांचं आणि पुठ्ठ्याचं अंतराळ मात्र टिकून राहिलं. त्याची कारणं शोधायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, थोडं मानसशास्त्र, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत टीव्ही कसा पोचला याची थोडी माहिती. शोधाच्या शेवटी आपण पोचतो औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा या गावी. तिथे आता अवकाशाचाच एक मोठा प्रयोग उभा राहतो आहे, आणि त्याच्या मुळाशी टांगण्याचंच कसब आहे.

तारेवरचं अंतराळ

बाहुल्यांच्या विज्ञान-मालिकांत जगभर पहिलं नाव घेतलं जातं ते जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या ब्रिटिश दांपत्याचं. लंडनजवळच्या स्लाउ इथल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा स्टुडिओ होता. १९६१ ची ‘सुपरकार’, १९६२ ची ‘फायरबॉल एक्सएल ५’, १९६४ ची रंगीत ‘स्टिंगरे’ अशी वाट काढत ३० सप्टेंबर १९६५ रोजी त्यांची ‘थंडरबर्ड्स’ सुरू झाली. एका गुप्त बेटावर राहणारं ट्रेसी कुटुंब संकटात सापडलेल्यांना अचाट यंत्रांच्या मदतीने सोडवतं, एवढीच तिची कल्पना. पाच भावांची नावं अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांवरून ठेवलेली. मूळ प्रेरणा मात्र जमिनीखालची होती. १९६३ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी शिरलं आणि दोन आठवड्यांनी अकरा खाणकामगार जिवंत वर आले. लागणारं यंत्र लांबून आणेपर्यंत वेळ जातो, मग ते आधीपासूनच सज्ज असलं तर, हा विचार जेरी अँडरसनच्या डोक्यात तेव्हा आला.

या बाहुल्या केसासारख्या बारीक धातूच्या तारांना टांगलेल्या असत. तारा दोन कामं करत. एक म्हणजे बाहुलीला पेलणं. दुसरं, वीज खाली नेणं. नटांचे संवाद आधी ध्वनिफितीवर मुद्रित केलेले असत. फीत वाजली की आवाजाच्या चढउतारांवरून विजेचे झटके तयार होत, ते तारेतून बाहुलीच्या डोक्यात बसवलेल्या छोट्या विद्युतचुंबकापर्यंत जात आणि खालचा ओठ शब्दाबरोबर हलत असे. हे यंत्र डोक्यात मावायला हवं, म्हणून ‘थंडरबर्ड्स’मधल्या बाहुल्यांची डोकी धडाच्या मानाने मोठी आहेत. १९६७ च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये ते छातीत हलवलं गेलं आणि डोकी माणसाच्या प्रमाणात आली.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. बाहुलीला चालता येत नसे. पाय टेकतो, पण त्यावर भार पडत नाही, त्यामुळे ती चालते आहे असं न वाटता तरंगते आहे असंच वाटतं. म्हणून पात्रं सतत बसलेली असतात. सरकत्या खुर्चीतून यानात, यानातून गाडीत, गाडीतून पुन्हा खुर्चीत. मालिकेतली अर्धी अजब वाहनं लेखकाच्या प्रतिभेइतकीच बाहुलीच्या पायांनी जन्माला घातली म्हणायला हरकत नाही. बटण दाबणारा हात जवळून दाखवायचा असला, की तिथे सरळ माणसाचा हात घेतला जाई.

लहान वस्तू मोठी कशी दाखवायची

या मालिकांतले स्फोट, कोसळणारे पूल, झेपावणारी यानं यांची बाजू डेरेक मेडिंग्ज सांभाळत. पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांतही त्यांनी हेच काम केलं. त्यांच्यापुढचा प्रश्न मुळात गॅलिलिओच्या काळातला होता.

पन्नास मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. त्या इमारतीची पंचवीस पट लहान प्रतिकृती केली, तर उंची उरते दोन मीटर आणि पडायला लागतात जेमतेम ०.६४ सेकंद. प्रतिकृती कितीही सुबक असो, ती इतक्या झटकन कोसळते की डोळा लगेच ओळखतो, हे खेळणं आहे. डोळ्याला गुरुत्वाकर्षणाचं गणित येत नाही, पण सवय असते.

यावर उपाय कॅमेऱ्यात होता. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने दाखवतात. तेच दृश्य सेकंदाला १२० चौकटींनी टिपलं आणि २४ ने दाखवलं, तर सगळं पाचपट संथ होतं. ०.६४ गुणिले पाच म्हणजे ३.२ सेकंद, नेमका खऱ्या इमारतीला लागणारा वेळ. पाच हा आकडा पंचवीसचं वर्गमूळ आहे. प्रतिकृती जितके पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतके पट कॅमेरा वेगवान, हा नियम, आणि तो पडण्याच्या सूत्रातूनच येतो.

पाण्याला आणि आगीला मात्र हा नियम पुरत नाही. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे ठरावीक आकाराचाच बनतो, बोट लहान केली म्हणून तो लहान होत नाही. म्हणूनच जुन्या चित्रपटांतल्या समुद्री लढायांत लाटांच्या फेसाचे थेंब जहाजाच्या खिडकीएवढे दिसतात. ज्योतीचंही तसंच. वेगाचा भास देण्याची युक्ती आणखी वेगळी. धावपट्टीवर पळणारं विमान दाखवताना मेडिंग्ज विमान जागेवर ठेवत आणि खालची धावपट्टी पट्ट्यासारखी फिरवत. मागची झाडं आणि डोंगर वेगळ्या, हळू फिरणाऱ्या पट्ट्यांवर असत. एसटीच्या खिडकीतून जवळचा विजेचा खांब झर्रकन मागे जातो आणि लांबची टेकडी रेंगाळते, तोच दृष्टिभेद इथे यंत्राने घडवलेला.

बाहुलीत जीव कोण घालतं?

ओठ हलतात आणि भुवया हलत नाहीत, अशा लाकडी चेहऱ्यावर मुलांचा विश्वास बसतो कसा? १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा चित्रपट तयार केला. त्यात होते दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडबंद होणारा चौकोन. आकृत्या इकडून तिकडे सरकत, एवढंच. पाहणाऱ्या ३४ जणांना काय दिसलं ते लिहायला सांगितलं, तर एकीचा अपवाद सोडता सगळ्यांनी सजीवांची गोष्ट लिहिली. मोठा त्रिकोण दांडगट, लहान त्रिकोण धीट, वर्तुळ घाबरलेलं. चेहरा नाही, हात नाहीत, आवाज नाही, तरी हालचालीवरून आपण हेतू वाचतो आणि हेतू वाचला की जीव घालतो.

दूरदर्शनवर आणि रंगमंचावर महाराष्ट्राला हे दाखवलं ते पाध्ये कुटुंबाने. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव आता शंभरी ओलांडून गेला आहे. रामदास पाध्ये यांच्या मांडीवर बसून तो बोलतो, तेव्हा आवाज पाध्यांचा आहे हे सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक असतं. तरी कान आवाज बाहुलीच्या तोंडातूनच ऐकतो. आवाज कुठून येतो हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्याची साक्ष जास्त ग्राह्य धरतो, म्हणून ज्याचे ओठ हलतात त्याच्याच तोंडी तो शब्द घालतो. टीव्हीचा स्पीकर एका बाजूला असूनही बातम्या वृत्तनिवेदिकेच्या तोंडून आल्यासारखं वाटतं, त्यामागे हेच आहे.

मग बाहुली जितकी माणसासारखी तितकी ती जास्त आवडणार का? जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये याचं उत्तर नकारार्थी दिलं. साम्य वाढत जातं तशी जवळीक वाढते, पण जवळजवळ माणूस पण पूर्ण नाही, अशा टप्प्यावर ती एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूने महाराष्ट्रातल्या मुलांची झोप उडवली, ती याच उतारावर उभं राहून. तोही पाध्यांच्याच हातचा. मोरींनी जपानच्या बुनराकू बाहुल्यांना मात्र प्रेमाच्या बाजूला जागा दिली. बुनराकूत एका बाहुलीला तीन कलावंत हाताळतात आणि ते प्रेक्षकांसमोर उघडपणे उभे असतात. काहीच लपवलेलं नसतं आणि तरीही लोक रडतात.

आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची हीच परंपरा पिढ्यान्‌पिढ्या राखली. तिच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. राम वनवासाला निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावरची दोरी सगळ्यांना दिसते. वनवास त्यामुळे खोटा ठरत नाही. हिंगोलीच्या दसरा महोत्सवात रामलीला पाहायला जाणाऱ्या गर्दीलाही रावण बांबू-कागदाचा आहे हे माहीत असतंच. दिसणाऱ्या दोरीशी आपल्या लोकांचं कधी भांडण नव्हतं.

छपरावरचा अँटेना

आता या भागात टीव्ही कसा आला ते पाहू. हिंगोली तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण त्याच्या लहरी मराठवाड्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. गावांत पोचणारा टीव्ही आकाशातून येणार होता.

त्याची रंगीत तालीम १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाली. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वर्षभर वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या तबकड्या शाळांच्या आवारात उभ्या राहिल्या. ‘साइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाची व्यवस्था कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस पाहत होते. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. मुलांचे विज्ञान-कार्यक्रम इस्रोने स्वतः तयार केले, आणि त्यामागे प्रा. यश पाल यांचा आग्रह होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मराठवाड्याच्या शेजारी गुलबर्ग्याकडच्या खेड्यांतली मुलं उपग्रहावरून विज्ञान पाहत होती, तेव्हा इकडे घरोघरी रेडिओच होता.

या प्रयोगाची एक तबकडी कोलंबोत आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथाकाराच्या घरावरही बसवली गेली. मान त्यांचाच होता. पृथ्वीभोवती २४ तासांत एक फेरी मारणारे, म्हणून एका जागी स्थिर दिसणारे उपग्रह वापरून जगभर प्रक्षेपण करता येईल, हे त्यांनी १९४५ च्या ऑक्टोबरात एका तांत्रिक मासिकात मांडलं होतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्याच्या कल्पनेतूनच पुढे खेड्यांत टीव्ही आला, आणि त्या टीव्हीवर विज्ञानकथा.

मराठवाड्यात खरी लाट आली ती इन्सॅट-१बी नंतर. हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ ला ‘चॅलेंजर’ यानातून गेला आणि १९८४ मध्ये देशभर छोट्या प्रक्षेपण केंद्रांचं जाळं झपाट्याने पसरलं. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर सगळी गल्ली. चित्रात मुंग्या आल्या की एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, आता हलवू नको’ असं ओरडायचं. त्यात लाइट गेली, तर पुढची गोष्ट ज्याची त्याने ठरवायची.

या पडद्यावर अंतराळ आलं ते जपानी ‘जायंट रोबॉट’च्या रूपात, ‘स्टार ट्रेक’च्या रूपात, आणि दशकाच्या अखेरीला आपल्याच ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘इंद्रधनुष’मधून. पुढे १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आला. रोबॉटच्या आत माणूस आहे हे गुडघ्याच्या सुरकुत्यांवरून कळायचं. बाहुल्याही होत्याच. रामदास पाध्ये होते, नंतर ‘पोटली बाबा की’ आली, २००६ पासून ‘गली गली सिम सिम’मधली चमकी होती. पुण्यात १९८४ मध्ये शालेय कार्यक्रमांसाठी ‘बालचित्रवाणी’ ही संस्था सुरू झाली होती, ती २०१७ मध्ये बंद पडली. आपल्याकडे बाहुल्या एका बाजूला राहिल्या आणि अंतराळ दुसऱ्या. अँडरसनसारखी त्यांची गाठ कुणी घातली नाही. पण अनुभव एकच होता. पडद्यावर जे होतं ते अपुरं होतं आणि उरलेलं पाहणाऱ्याने भरायचं होतं.

आठवण नेमकी कशाची?

१६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने गतकाळाच्या ओढीला चक्क आजार ठरवलं होतं. घरापासून दूर असलेले सैनिक तिने झुरतात, असं त्याचं निदान. आता मत बदललं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशुट यांनी केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की अशा आठवणी माणसाला इतरांशी जोडलेलं असल्याची भावना देतात. तपासून पाहा. मालिकेच्या आठवणीत मालिका थोडी असते आणि ओसरी जास्त असते.

आठवण पक्की होण्यामागे आणखी एक कारण आहे. मालिका आठवड्यातून एकदा लागायची, पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. मधले सहा दिवस शाळेच्या वाटेवर, मैदानात ती तोंडी पुन्हा घडवली जायची. ज्याच्याकडे लाइट गेली होती त्याला दुसऱ्याने सांगायची, सांगताना पदरचं घालायचं. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की स्मरण म्हणजे साठवलेली वस्तू बाहेर काढणं नव्हे, ती प्रत्येक वेळी नव्याने रचावी लागते. त्यामुळे यानाची तार आपल्याला आठवते तेवढी जाड नसेलही. पण ती रचण्यात आपले हात लागलेले आहेत, आणि ज्याला हात लागले ते विसरत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडमध्येच मिळाला. १९९१ मध्ये बीबीसीने ‘थंडरबर्ड्स’ पुन्हा दाखवायला घेतली. पुढच्या वर्षीच्या नाताळात ट्रेसी बेटाचं खेळणं दुकानांतून संपलं. तेव्हा ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने तेच बेट घरातल्या टाकाऊ खोक्यांतून आणि पुठ्ठ्यातून कसं बनवायचं ते दाखवलं. कृतीचा कागद मागवणाऱ्यांची झुंबड उडाली. मूळ बेटच प्रतिकृती होतं, म्हणून तर मुलाला ते जमण्यासारखं वाटलं. संगणकाने घडवलेल्या निर्दोष यानाकडे पाहून मूल थक्क होतं. तार दिसणाऱ्या यानाकडे पाहून ते सुतळी शोधायला जातं. चाळिशीतल्या माणसाला ओढ लागते ती बहुतेक या सुतळी शोधण्याची.

दुधाळ्यातले टांगलेले आरसे

आता औंढ्याकडे येऊ. नागनाथाचं मंदिर नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं, ही कथा या भागात प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. नामदेवांचं नर्सीही याच जिल्ह्यातलं. त्या औंढ्याजवळ दुधाळा इथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा उभी राहते आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेत हॅनफोर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा दोन वेधशाळा आहेत. तिसरी दूर भारतात असली, की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमकं सांगता येईल. शांत जमीन, समुद्रापासूनचं अंतर, मोठ्या उद्योगांचा आणि वर्दळीचा अभाव, हे हिंगोलीच्या बाजूने बोलणारे मुद्दे होते. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, तेच इथे कामाला आलं.

वेधशाळेची रचना अशी. काटकोनात ठेवलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी. लेसरचा किरण दुभंगून दोन्हींत जातो, टोकाच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. गुरुत्वीय लहर आली तर एक बाजू क्षणभर लांबते, दुसरी आखडते आणि परतलेल्या प्रकाशाचा मेळ बिघडतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा पकडलेली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती. एकाचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचं २९ पट. चार किलोमीटरच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पट लहान होता.

एवढी सूक्ष्म हालचाल मोजायची, तर शेजारून गेलेल्या ट्रॅक्टरची थरथर आरशापर्यंत पोचता कामा नये. त्यासाठी तिथे आरसे टांगतात. चाळीस किलोचा एकेक आरसा काचेच्या चार धाग्यांना लटकलेला असतो. धाग्यांची जाडी ०.४ मिलिमीटर. त्याच्यावर एकाखाली एक अशी लोलकांची साखळी, एकूण चार टप्प्यांची.

टांगल्याने काय साधतं, ते घरी पाहता येतं. दोरीला दगड बांधा. वरचा हात सावकाश डावी-उजवीकडे न्या, दगड मुकाट मागे येतो. आता हात भराभर हलवा, दगड जवळजवळ जागीच राहतो. लोलकाच्या स्वतःच्या झोक्यापेक्षा दहापट वेगाने हलवलं, तर हालचालीचा साधारण शंभरावा भागच खाली उतरतो. असे चार टप्पे एकाखाली एक लावले, तर हिशेबाने तो दहा कोटीव्या भागावर येतो.

बाहुली का चालू शकत नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. अडीच मीटर लांब दोरीवर टांगलेल्या वस्तूचा एक झोका तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ घेतो. माणूस सेकंदाला दीड-दोन पावलं टाकतो. वरच्या हाताची ती चपळाई दोरीतून खाली उतरतच नाही. स्लाउच्या स्टुडिओत ज्या गुणाने कलावंतांना जेरीस आणलं, त्याच गुणावर दुधाळ्याची वेधशाळा टांगलेली असणार आहे.

या प्रकल्पातली एक प्रमुख संस्था म्हणजे पुण्याचं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र. १९८८ मध्ये ते उभारणारे डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला एक कथा पाठवली होती. परीक्षकांवर नावाचा दबाव नको म्हणून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तिचं शीर्षक होतं ‘कृष्णविवर’. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावणारा माणूस आणि कृष्णविवरांची चाहूल टिपायला निघालेली संस्था उभी करणारा माणूस एकच होता. दुधाळ्यातल्या शिक्षकांनी मुलांना हे आवर्जून सांगावं असं आहे.

आता खेळ कुणी लावायचा?

शिक्षकांसाठी बाहुल्या ही नवलाईची गोष्ट नाही. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही केंद्र सरकारची संस्था १९७९ पासून काम करते आहे आणि शिक्षणात बाहुल्यांचा वापर हा तिच्या प्रशिक्षणाचा नेहमीचा विषय आहे. औंढा, कळमनुरी, वसमत, सेनगाव, हिंगोली या पाचही तालुक्यांतल्या शाळांना वेधशाळा सुरू होण्याआधी एक खेळ बसवता येईल. काळ्या कापडाचे दोन गोळे कृष्णविवरं म्हणून दोरीला टांगायचे, एकमेकांभोवती फिरवत जवळ आणायचे, शेवटी एकत्र बांधायचे. खाली ताणून धरलेली चादर म्हणजे अवकाश. चादरीच्या एका कोपऱ्याला हिसका द्या, दुसऱ्या कोपऱ्यावरचे शेंगदाणे उडतात, तेच दुधाळा. संवाद मुलांनीच लिहावेत, आपल्या बोलीत. प्रतिकृती कोसळवायची असेल तर मोबाइलमधलं संथ चित्रीकरण आहेच. मेडिंग्जला ज्यासाठी खास कॅमेरा लागत होता, ते आता बहुतेक फोनमध्ये जमतं. किती पट संथ करायचं ते वर्गमुळाने काढायला सातवी-आठवीची मुलं तयार असतात.

फक्त एक पथ्य पाळावं. काळा दोरा काळ्या पडद्यापुढे लपवण्याचा मोह होईल, तो टाळावा. दोरी पांढरी वापरावी. मग पुढच्या रांगेतलं एखादं पोर खेळ चालू असतानाच उठून विचारणार, ‘सर, ते वर कशाला बांधलंय?’ त्या वेळी खेळ थांबला तरी चालेल. दोरी आणि दगड जवळच ठेवलेले असावेत.